आधी अखंड प्रत, मग आटोपशीर प्रत

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

या वेळी इंदूरहून आलेली बहुतेक पत्रे एकाच काळजीपोटी लिहिलेली आहेत. घरातला डीव्हीडी प्लेअर बंद पडला आहे, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही, आणि कपाटात लग्नामुंजीच्या, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या आणि हौसेने विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्क पडून आहेत. मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने त्या कशा वाचवाव्यात आणि त्यांचा आकार कसा कमी करावा, असे वाचकांनी विचारले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे गाळून फक्त वस्तीचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न २००७ साली इंदुरातच झाले. व्हिडिओवाल्याने त्याच्या चार डीव्हीडी दिल्या होत्या. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणून मी पहिल्या डिस्कमधला भाग पेन ड्राइव्हवर उतरवला, पण तो पाच तुकड्यांत आला. सप्तपदी चालू असतानाच एक फाइल संपते आणि पुढची सुरू होताना गुरुजींचा आवाज तुटतो. अशा सुमारे १४० डिस्क घरात आहेत. प्रत्येकीची ७०० एमबीची एकेक फाइल करून डिस्क टाकून द्याव्यात, असा विचार आहे. आपण कोणते मोफत सॉफ्टवेअर सुचवाल? — एक वाचक, रामबाग

उत्तर : सॉफ्टवेअरचे नाव सांगण्याआधी दोन विनंत्या करतो. डिस्क इतक्यात टाकून देऊ नका, आणि ७०० एमबी हा आकडा मनातून काढून टाका. तो सीडीच्या मापाचा आकडा आहे. हार्ड डिस्क महाग होत्या तेव्हा एक चित्रपट एका सीडीत बसावा म्हणून लोक त्या मापाला फाइल कापत असत. मीही तेच केले होते. माझ्या संगणकात तेव्हा ८० जीबीची हार्ड डिस्क होती. वडिलांच्या षष्ट्यब्दीपूर्तीची डीव्हीडी मी त्या मापात बसवली आणि मूळ डिस्क जपून न ठेवता एका नातेवाइकाला देऊन टाकली. त्या वेळच्या लहान पडद्यावर चित्र उत्तम दिसत होते. आज मोठ्या टीव्हीवर तीच फाइल लावली की आईच्या पैठणीचा काठ म्हणजे नुसता एक पिवळा पट्टा दिसतो, आणि ती हसताना तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या पुसून जाऊन तिथे चौकोनी ठिपके उमटतात. ती डिस्क पुन्हा हाती आली नाही. कुठलेही सॉफ्टवेअर त्या सुरकुत्या आता परत आणू शकत नाही, कारण त्या फाइलमध्ये उरलेल्याच नाहीत.

आता तुकड्यांविषयी. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज व्हीओबी नावाच्या फाइलींत असतात आणि त्यातली कोणतीही एक फाइल एक जीबीपेक्षा मोठी नसावी, असा त्या पद्धतीचा नियम आहे. म्हणून भरलेली साधी डिस्क पाच तुकड्यांत दिसते. हे तुकडे कोणत्या क्रमाने आणि कुठे न थांबता जोडून वाजवायचे, कोणते प्रकरण कुठे सुरू होते, मेन्यूवरचे कोणते बटण कुठे नेते, हे सगळे आयएफओ नावाच्या लहानशा फाइलींत लिहिलेले असते, आणि त्यांचीच राखीव प्रत म्हणून बीयूपी फाइली असतात. तुम्ही मोठ्या फाइली घेतल्या आणि या लहान फाइली डिस्कवरच राहिल्या. आवाज तुटतो तो त्यामुळे. डिस्क खराब झालेली नाही.

यावरचा चांगला उपाय म्हणजे पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा करणे. यात डिस्कवरचा प्रत्येक भाग, मेन्यूसकट, एकाच फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो आणि चित्राच्या गुणवत्तेला जराही धक्का लागत नाही. लिनक्सवर के३बी किंवा ब्रासेरो, विंडोजवर इमबर्न आणि मॅकवर त्यातच असलेली डिस्क युटिलिटी हे काम विनाशुल्क करते. डिस्क ठणठणीत असेल तर दहापंधरा मिनिटांत एक प्रत होते. झालेली आयएसओ फाइल व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडते आणि घरातल्या प्लेअरप्रमाणे मेन्यूसह चालते.

जागेची चिंता करण्याआधी हिशेब करून पाहा. व्हिडिओवाल्यांच्या डिस्क बहुधा एका थराच्या, म्हणजे ४.७ जीबीच्या असतात. तुमच्या सर्व १४० डिस्क काठोकाठ भरलेल्या आहेत असे धरले तरी बेरीज ६५८ जीबी होते. एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये तुमचा सगळा संग्रह काहीही न दाबता मावतो. अशा दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींवर सगळ्या प्रती ठेवा आणि दुसरी मुलीच्या घरी किंवा भावाच्या घरी ठेवायला द्या. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या, तर पाणी किंवा चोर आला की दोन्ही एकदमच जातील. बॅकअप म्हणतात तो हा. टीव्हीवर, मोबाइलवर पाहण्यासाठी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी लहान फाइल लागते, ती या अखंड प्रतीपासून केव्हाही करता येते आणि बिघडली तर पुन्हाही करता येते.

प्रत झाल्यावर ती तपासा, आणि तपासताना सुरुवात पाहून थांबू नका. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे चित्रणाचा शेवट डिस्कच्या बाहेरच्या कडेला असतो. डिस्क हाताळताना बोटे लागतात ती याच कडेला, आणि दोषही पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. लग्नाच्या डिस्कवर त्या कडेला पाठवणी असते. ती दहा मिनिटे पूर्ण पाहा आणि मगच पुढची डिस्क घाला.

प्रश्न : व्हिडिओ फाइल लहान करणारे हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरू लागले आहे. नातीच्या बारशाच्या डिस्कची फाइल केली, पण कोणी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसतात. दुसरे असे की, माझ्या भावाने अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा (रोषणाईच्या फिरत्या देखाव्यांचा) चलसमारोह राजवाड्यापाशी रात्रभर उभे राहून चित्रित केला होता. दोन्ही डिस्क जवळपास सारख्याच लांबीच्या आणि सेटिंग एकच, तरी त्याची फाइल बारशाच्या फाइलच्या दुपटीहून मोठी झाली. माझे काही चुकते आहे का? — एक वाचक, सुदामानगर

उत्तर : झांक्यांच्या बाबतीत काहीच चुकलेले नाही. रेघांच्या बाबतीत एक खूण करायची राहिली आहे. तुमच्या निवडीबद्दल आधी दोन शब्द लिहितो. हँडब्रेक २००३ साली एरिक पेती यांनी सुरू केले आणि आज ते स्वयंसेवकांच्या गटाकडून चालवले जाते. ते केवळ फुकट मिळते असे नाही, तर त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, तपासता आणि सुधारता येतो. जुन्या डिस्क वाचवण्याचे काम अनेक वर्षे चालणारे असते, म्हणून ज्याचा कोड खुला आहे अशा साधनावर मी अधिक विसंबतो.

रेघा का येतात ते समजले की उपाय लक्षात राहतो. जुन्या टीव्हीसाठी चित्रण करणारे कॅमेरे एका सेकंदात २५ पूर्ण चित्रे न टिपता ५० अर्धी चित्रे टिपत असत : आधी एक सोडून एक अशा ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या ओळी. तेवढ्यात पाळण्याची दोरी ओढणारा हात थोडा पुढे गेलेला असतो. संगणक या दोन अर्ध्या चित्रांना एकत्र विणून एक चित्र म्हणून दाखवतो, तेव्हा हाताची एक कड जुन्या जागी आणि एक नव्या जागी दिसते. त्याच तुमच्या रेघा. हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस हा पर्याय आहे. त्यात बीडब्ल्यूडीआयएफ किंवा याडिफ निवडा, त्याखालील बॉब हा प्रकार निवडा आणि फ्रेम रेट ५० ठेवा. असे केल्याने प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र बनते आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसत असे तितकीच सलग दिसते. चित्रपटाच्या डिस्कला याची सहसा गरज नसते, पण लग्न, बारसे, स्नेहसंमेलन अशा कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रसंगांना जवळजवळ नेहमीच असते. हा फिल्टर न लावता चित्र लहान केले, तर रेघा चित्रातच मुरतात आणि नंतर निघत नाहीत. तुमच्याकडे बारशाची मूळ डिस्क आहे, तेव्हा ती फाइल पुन्हा करा.

आता आकाराविषयी. हँडब्रेकमध्ये दोन रीतींनी काम होते. एका रीतीत दर सेकंदाला किती माहिती वापरायची ते आपण ठरवतो. दुसऱ्या रीतीत गुणवत्ता ठरवतो आणि त्यासाठी लागेल तेवढी जागा सॉफ्टवेअर घेते. तुम्ही दुसरी रीत वापरली आहे, आणि तीच योग्य आहे. बारशाच्या चित्रणात भिंत, पाळणा, बसलेल्या बायका, सगळे बरेचसे स्थिर असते. आधीच्या चित्रात जे आहे ते पुन्हा लिहावे लागत नाही, म्हणून फाइल लहान होते. झांक्यांच्या चित्रणात काळोख, हजारो लुकलुकणारे दिवे, फिरती चित्रे, पुढे सरकणारी गर्दी आणि हातात धरलेला कॅमेरा असतो. शिवाय कमी उजेडात जुना कॅमेरा काळ्या भागात मुंग्या चालल्यासारखे दाणे उमटवतो आणि ते दाणे प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती सगळी नवी माहिती आहे. त्या दिव्यांसाठीच तुमचे भाऊ रात्रभर उभे राहिले होते, तेव्हा तिथे जागा वाचवू नका. दाणे फारच खटकत असतील, तर दाणे पुसणाऱ्या डीनॉइज या फिल्टरचा सर्वांत हलका प्रकार लावून एका मिनिटाचा नमुना करून पाहा. तो जास्त लावला तर माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात.

गुणवत्तेचा आकडा उलटा चालतो, म्हणजे आकडा लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी हँडब्रेकची स्वतःची शिफारस १८ ते २२ या टप्प्यातली आहे. घरच्या प्रसंगांना मी १८ ठेवतो, चित्रपटांना २०. एच.२६४ ही चित्र दाबण्याची पद्धत वापरताना हा आकडा सहाने वाढवला तर फाइल साधारण निम्मी होते, सहाने घटवला तर साधारण दुप्पट होते. एवढे लक्षात असले की अंदाज चुकत नाही. एच.२६५ मुळे फाइल आणखी लहान होते हे खरे, पण घराघरांतले जुने टीव्ही पेन ड्राइव्हवरून ते वाचत नाहीत, आणि डीव्हीडीच्या लहान चित्रात त्याने वाचणारी जागा त्या गैरसोयीच्या मानाने थोडी आहे. चित्राची लांबीरुंदी बदलू नका. ७२० बाय ५७६ चे चित्र ताणून १९२० बाय १०८० केल्याने तपशील वाढत नाही, फक्त फाइल फुगते.

आवाजाच्या बाबतीत काटकसर करू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. अडीच तासांच्या कार्यक्रमाचा १९२ केबीपीएसचा (म्हणजे दर सेकंदाला १९२ किलोबिटचा) डॉल्बी आवाज अवघी २१६ एमबी जागा घेतो. तो पासथ्रू हा पर्याय निवडून जसाच्या तसा जाऊ द्या. काही व्हिडिओवाले मात्र आवाज मुळीच न दाबता पीसीएम प्रकारात भरत असत, आणि तोच अडीच तासांना १.७ जीबीपेक्षा जास्त जागा अडवतो. तिथे एमकेव्ही फाइल करून आवाजासाठी फ्लॅक निवडा, म्हणजे काहीही न गमावता जागा वाचेल. भाषण किंवा साधा समारंभ असेल तर एएसी या दाबलेल्या प्रकारात १९२ केबीपीएस पुरे आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहायचे तर एमपी४ बरे. दोनतीन भाषांचा आवाज आणि चालू-बंद करता येणारी सबटायटल जपायची तर एमकेव्ही बरे.

प्रश्न : पूर्वी मी डीव्हीडी श्रिंक वापरून दोन थरांची डिस्क एका थराच्या कोऱ्या डिस्कवर बसवत असे. तेच पुन्हा वापरावे का? — एक वाचक, तिलकनगर

उत्तर : आता त्याची गरज उरलेली नाही. ८.५ जीबीची डिस्क ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवणे, हेच त्या सॉफ्टवेअरचे काम होते. त्यासाठी ते डीव्हीडीवरचे एमपीईजी-२ प्रकारचे, आधीच दाबलेले चित्र आणखी दाबत असे, आणि सुमारे निम्म्यावर आलेल्या चित्रात तो दाब स्पष्ट दिसत असे. शिवाय अशी प्रत पुन्हा घरी भाजलेल्या (म्हणजे संगणकावर लिहिलेल्या) डिस्कवरच जाते, आणि ती वस्तू टिकाऊ नसते. त्याचा विकास बऱ्याच वर्षांपूर्वी थांबला आहे. ते मुळातच विनामूल्य होते, त्यामुळे त्याच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजावी.

सॉफ्टवेअर उतरवून घेताना नेहमीच जपायला हवे. मे २०१७ मध्ये खुद्द हँडब्रेकच्या एका पर्यायी सर्व्हरवर कोणी तरी घुसून मॅकसाठीची फाइल बदलली होती आणि ती घेणाऱ्यांच्या संगणकात पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर शिरले होते. हँडब्रेकच्या गटाने ते लगेच जाहीर केले. अधिकृत स्थळावरून फाइल घ्यावी आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ आकडा (म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) आपल्या फाइलच्या आकड्याशी ताडून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : विकत घेतलेल्या मराठी चित्रपटांच्या डिस्क हँडब्रेकमध्ये घातल्या, तर काहींची फाइल होते, पण काहींच्या फाइलमध्ये नुसते हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात. त्या खराब झाल्या आहेत का? आणि स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची प्रत करणे कायद्याला धरून आहे का? — एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : तुमच्या डिस्क बहुधा चांगल्या आहेत. त्यांच्यावर प्रत करता येऊ नये म्हणून घातलेले सीएसएस नावाचे कुलूप असावे. हे ४० बिटांच्या किल्लीचे कुलूप १९९९ सालीच उलगडले गेले, परंतु हँडब्रेक स्वतः ते उघडत नाही आणि बंद माहितीच वाचू लागते, म्हणून चौकोन दिसतात. काही कंपन्यांनी हे कुलूप लावलेच नव्हते. त्या डिस्क तुमच्याकडे सरळ वाचल्या गेल्या.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्याचे कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक देते. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आले. अधिकारांचा भंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण मोडणाऱ्याला त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. या कलमातला हेतूचा उल्लेख महत्त्वाचा आहे. तरीही कुलूप उघडण्याची कृती मी या सदरात देत नाही. कुलूप नसलेल्या डिस्कची प्रत स्वतःच्या घरात पाहण्यासाठी ठेवणे ही एक गोष्ट झाली. तीच फाइल मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, आणि ती करू नये. मराठी चित्रपट काढणाऱ्यांच्या हाती आधीच फार थोडे पडते.

चित्रपटाचा प्रताधिकार तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे फार जुन्या चित्रपटांचा निराळा विचार करता येतो. मात्र त्यातील गीते, संगीत आणि कथा यांचे अधिकार स्वतंत्र असतात आणि ते अधिक काळ टिकू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : वडिलांनी १९९८ च्या गणेशोत्सवात गायलेल्या नाट्यपदांची व्हीएचएस फीत होती. तिच्यावरून २००६ मध्ये एक डीव्हीडी करून घेतली. ती एकच प्रत आहे. संगणकात घातली की दोनतृतीयांश भागापाशी ड्राइव्ह घरघर करतो आणि सगळे थांबते. शेजाऱ्यांनी डिस्कला टूथपेस्ट लावायला सांगितले आहे. वडिलांचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेही नाही. — एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : टूथपेस्ट लावू नका, आणि ती डिस्क पुन्हा पुन्हा घालून वाजवायचा प्रयत्नही तूर्त थांबवा. पुष्कळसा भाग वाचवता येईल अशी मला आशा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून आरपार पाहा. सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला परावर्तक थर गेला आहे आणि तेवढा भाग परत येणार नाही. ठिपके नसतील आणि फक्त चरे किंवा डाग असतील, तर परिस्थिती बरी आहे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली १.२ मिलिमीटरची डिस्क असते आणि माहिती त्यांच्या मधोमध असते, त्यामुळे वरवरचा चरा माहितीपर्यंत पोहोचत नाही, तो फक्त किरणाची वाट अडवतो. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात घालून डिस्क धुवा, मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. गोल गोल पुसू नका. गोल चरा वाचनाच्याच दिशेने जातो आणि सलग बरीच माहिती झाकतो.

घरी भाजलेल्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते. कारखान्यात ठशाने काढलेल्या डिस्कपेक्षा तो नाजूक असतो आणि उष्णतेने, उन्हाने क्षीण होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या डिस्कचे काय होत असेल, ते सांगायला नको. म्हणून हे काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

वाचवण्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मुक्त सॉफ्टवेअर वापरा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून सुरू करून ते चालवता येते. आज्ञा टंकून द्यावी लागते, तेव्हा सवय नसेल तर संगणक शिकणाऱ्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा. साधे कॉपीचे साधन खराब जागी अडकून बसते. हे सॉफ्टवेअर तसे करत नाही. ते आधी चांगला वाचला जाणारा सगळा भाग उचलते, अडचणीची जागा सोडून पुढे जाते आणि मग मागे वळून त्या जागेच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आत शिरते. कुठे काय वाचले, कुठे राहिले, याची नोंद ते एका नकाशाच्या फाइलमध्ये ठेवते. ही नकाशाची फाइल द्यायला विसरू नका आणि सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या लहान कप्प्याचा, आकार २०४८ बाइट सांगा, कारण डीव्हीडीचा सेक्टर तेवढाच असतो.

नकाशाचा खरा उपयोग पुढे होतो. प्रत्येक ड्राइव्हची वाचनशक्ती निराळी असते. एका परिचितांची अशीच डिस्क मी घेतली होती. लॅपटॉपला जोडलेल्या चपट्या ड्राइव्हने रात्रभरात ९१ टक्के भाग दिला आणि तो पुढे सरकेना. दुसऱ्या रात्री एका जुन्या डेस्कटॉपच्या जाड ड्राइव्हमध्ये तीच डिस्क, तीच प्रत आणि तोच नकाशा देऊन काम पुढे चालवले, तेव्हा त्याने फक्त राहिलेल्या जागा वाचल्या आणि सकाळी आकडा ९९ च्या पुढे गेला होता. दोनतीन ड्राइव्ह मागून आणा. ड्राइव्ह तापला तर तासभर थांबा, काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते.

जे थोडे सेक्टर शेवटपर्यंत येणार नाहीत, तिथे चित्र क्षणभर विस्कटेल आणि आवाजात एखादा खाडा पडेल. बाकीचे पद ऐकू येईल. अशी प्रत मिळाल्यावर तिला न दाबता दोन ठिकाणी ठेवा आणि नंतरच त्यातून नुसता आवाज वेगळा काढा. आणि ती व्हीएचएस फीत घरात कुठे असेल, तर तिचाही शोध घ्या. डीव्हीडी हरली तरी मूळ फितीवरून पुन्हा प्रत होऊ शकते, कदाचित आधीपेक्षा चांगली.

प्रश्न : आमच्या जुन्या कॅमेऱ्यात लहान आकाराच्या डीव्हीडी लागत. कॅमेऱ्यात त्या दिसतात, पण संगणक डिस्क कोरी असल्याचे सांगून ती कशासाठी वापरायची असे विचारतो. काय उत्तर देऊ? — एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : काहीही उत्तर न देता ती चौकट बंद करा. तिथे होकार दिला तर चित्रणावर दुसरे काही लिहिले जाण्याचा धोका आहे. त्या ८ सेंटिमीटरच्या, १.४ जीबीच्या डिस्क आहेत आणि त्यांचे फायनलाइज करायचे राहिले आहे, म्हणजे अनुक्रमणिका लिहून डिस्क बंद केलेली नाही. ज्या कॅमेऱ्यात चित्रण केले त्याच्याच मेन्यूत हा पर्याय असतो. कॅमेरा चार्जरला जोडून ठेवा, कारण मध्येच बॅटरी संपली तर डिस्क अर्धवट राहते. तो पर्याय निवडा आणि पूर्ण होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका. मग ती संगणकात दिसेल आणि वर सांगितल्याप्रमाणे आयएसओ प्रत होईल. ज्या ड्राइव्हमध्ये डिस्क फटीतून आत ओढली जाते, त्यात ही लहान डिस्क घालू नका, ती आत अडकते. बाहेर येणाऱ्या कप्प्याच्या ड्राइव्हमध्ये आतल्या लहान खाचेत बसवा.

प्रश्न : प्रत झाल्यावर डिस्क ठेवायच्याच असतील, तर त्यांच्यावर नाव कुठे आणि कशाने लिहावे? — एक वाचक, रामबाग

उत्तर : चिकटपट्टी किंवा कागदी लेबल लावू नका, त्याने डिस्कचा तोल जातो आणि गोंद सुटला की ड्राइव्हमध्ये कागद अडकतो. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर फक्त एक क्रमांक लिहा. तोच क्रमांक हार्ड डिस्कवरच्या फाइलच्या नावाच्या सुरुवातीला द्या, पुढे वर्ष, महिना, प्रसंग आणि गाव लिहा, आणि शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवून तीत कोण कोण दिसते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून भरा. मांडवात मागे उभ्या असलेल्या, नऊवारीतल्या त्या आजी कोण, हे सांगणारे एखादेच माणूस घरात असते. त्यांच्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसा आणि ही यादी डिस्क उतरवण्याच्या कामाबरोबरच पुरी करा.